माणशी तेवीस किलो

विमानात माणशी तेवीस किलो सामान नेता येतं, शिवाय हातात सात, हे ज्या सकाळी कळलं त्या सकाळी साहेबांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदा तेज आलं. तिकिटं काढून देणाऱ्या माणसाने ही गोष्ट वाईट बातमी सांगावी तशी दबक्या आवाजात सांगितली होती. साहेब मात्र खुर्चीत सरसावून बसले आणि म्हणाले, "तेवीस म्हणजे तेवीसच ना? की वर काही ग्रॅमची सूट?" त्या माणसाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तो पाणी प्यायला आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

साहेब हे खरोखरच साहेब होते. छत्तीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. ते बाजारात शिरताना दिसले की दुकानदार पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक काढून खिशात टाकत, आणि साहेब आल्या आल्या थेट त्या खिशाकडे बोट दाखवत. निवृत्त होताना खात्याने त्यांच्याकडून जीप परत घेतली, शिक्के परत घेतले, वजनांची पेटी परत घेतली. 'साहेब' तेवढं परत घ्यायचं राहून गेलं. त्यांच्या पत्नीने तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं होतं, त्यामुळे त्यांना सगळे 'बाई' म्हणत. अशा रीतीने त्या तीन खोल्यांत एक साहेब आणि एक बाई राहत असत, आणि कपबशा विसळायच्या वेळी दोघांपैकी कुणाला तरी आपला हुद्दा विसरावा लागे. बहुधा बाईच विसरत.

त्यांची एकुलती एक मुलगी लग्नानंतर दूरच्या एका थंड देशात राहायला गेली होती. तिचं पहिलं बाळंतपण तीन आठवड्यांवर आलं होतं. फोनवर ती म्हणाली होती, "आई, तू ये म्हणजे ये. बाबा आले तर फारच छान." त्या वाक्यातला 'तर' साहेबांनी कुणाला न सांगता बरेच दिवस मनातल्या मनात तोलून पाहिला. तो किती भरतो ते काही नक्की होईना. शेवटी त्यांनी दोन तिकिटं काढली.

"सामानाचं सगळं माझ्यावर सोड," घरी आल्यावर ते बाईंना म्हणाले.

बाईंनी सोडलं नसतं तरी ते घेणारच होते. त्याच दुपारी त्यांनी एक मोठी वही आखली. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात वजन, तिसऱ्यात गरज आणि चौथ्यात शेरा. स्वयंपाकघरातला छोटा काटा जेवणाच्या टेबलावर आला, आणि घरातली प्रत्येक वस्तू एकेक करून त्यावर चढू लागली. कंगवा, अठरा ग्रॅम. बाईंचा चष्मा घरासकट, त्र्याण्णव ग्रॅम. बाळासाठी शिवलेली बारा झबली मिळून पाचशे चाळीस, त्यापुढे शेरा, 'दोन कमी केल्यास चालेल'. बाईंनी मुलीच्या लहानपणीच्या फ्रॉकचे तुकडे जोडून एक दुलई शिवली होती. ती काट्याच्या चारी बाजूंनी खाली लोंबली आणि काट्याने शून्य दाखवलं. बाई म्हणाल्या, "बघा, हिला वजनच नाही." साहेबांनी दुलईची घट्ट गुंडाळी करून ती पुन्हा ठेवली. एक किलो तीनशे दहा.

भांडण खरं पेटलं ते चौथ्या रकान्यावरून. साहेब बऱ्याच वस्तूंपुढे एकच शेरा लिहीत होते, 'तिथे मिळते'. सुया तिथे मिळतात, दोरे तिथे मिळतात, टॉवेल तिथे मिळतात. बाईंनी विसाव्या शेऱ्यापर्यंत ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "तिथे सगळंच मिळतं. मग मी तरी कशाला जाऊ? माझ्यापुढे पण लिहा."

यावर कोणता शेरा मारावा हे खात्याच्या कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ती संधी साधून बाईंनी माळ्यावरून लोखंडी खलबत्ता काढला आणि टेबलावर ठेवला. टेबल हललं.

"हा?" साहेब म्हणाले.

"तिने मागितलाय."

"तिने फोनवर विचारलं, तो खलबत्ता अजून आहे का. मागितला नाही."

"त्याला मागणंच म्हणतात."

तीन किलो आठशे पन्नास. साहेबांनी आकडा लिहिला आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. संसारात काही जागा कोऱ्या ठेवाव्या लागतात, एवढं त्यांना छत्तीस वर्षांच्या नोकरीने नाही तरी सदतीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं.

वस्तू तोलून झाल्या, बॅगा भरल्या, आणि आता भरलेली बॅग तोलायची वेळ आली. स्वयंपाकघरातला काटा पाच किलोंच्या वर जात नव्हता. वरच्या मजल्यावर एक काकू राहत. त्या मुलाकडे नऊ वेळा विमानाने जाऊन आल्या होत्या आणि ते त्यांनी प्रत्येकाला किमान नऊ वेळा सांगितलं होतं, म्हणून सगळी इमारत त्यांना विमानकाकू म्हणे. त्या स्वतःचा न्हाणीघरातला वजनकाटा बगलेत मारून न बोलावता खाली आल्या.

"सोपं आहे," विमानकाकू म्हणाल्या. "बॅग उचलून काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं. मी दर वेळी असंच करते."

साहेब बॅग मिठीत घेऊन काट्यावर चढले. बॅग आणि पोट यांच्यामुळे त्यांना काटा दिसेना. बाई वाचायला वाकल्या, तर त्यांचा चष्मा बॅगेत गेला होता. विमानकाकूंनी वाकून वाचलं, "एकशे सात." मग साहेब बॅगेशिवाय उभे राहिले, ते ब्याऐंशी भरले. म्हणजे बॅग पंचवीस. साहेबांनी खात्री करायला पुन्हा उचलली. आता एकशे तीन. तिसऱ्यांदा एकशे दहा, आणि एकट्या साहेबांचं वजन मधल्या पाच मिनिटांत दोन किलोंनी घटलं होतं.

"हा काटा नाही, ही अफवा आहे," साहेब घाम पुसत म्हणाले.

विमानकाकूंना हे लागलं. पण त्या मोठ्या मनाच्या होत्या. जाता जाता त्यांनी आणखी एक सल्ला दिला, "जड कपडे बॅगेत भरायचेच नाहीत, अंगावर घालायचे. मी एकदा सहा कपडे एकावर एक घालून गेले होते. उतरल्यावर सुनेने ओळखलंच नाही, पण सामान सगळं पोचलं."

मग साहेबांनी हार्डवेअरच्या दुकानातून ताणकाटा आणला, म्हणजे ज्याच्या आकड्याला वस्तू लटकवून वजन करतात तो. तो त्यांनी दाराच्या चौकटीत मारलेल्या पडद्याच्या खिळ्याला टांगला आणि त्याला बॅग लावली. ताणकाट्याने अगदी स्थिर, अगदी विश्वासार्ह असा सव्वीसचा आकडा दाखवला, आणि साहेब समाधानाने मान हलवत असतानाच खिळा, पडद्याची दांडी, पडदा आणि चौकटीवरचा हातभर गिलावा घेऊन बॅग खाली आली. बॅगेचं एक चाक गेलं. खलबत्त्याला काही झालं नाही. ज्या फरशीवर तो आतून आदळला, त्या फरशीचे मात्र तीन भाग झाले.

बाईंनी केरसुणी आणली. त्यांचं न बोलणं साहेबांना बोलण्यापेक्षा जड जात असे. साहेबांनी वही बगलेत मारली, दोन्ही बॅगांच्या मुठी धरल्या आणि ते म्हणाले, "मी आलोच."

रस्त्याच्या टोकाला एका भंगारवाल्याचं दुकान होतं आणि त्याच्याकडे जमिनीवर ठेवायचा मोठा काटा होता. साहेब त्या दुकानासमोरून एरवी मान ताठ ठेवून आणि नजर समोर ठेवून जात. बारा वर्षांपूर्वी त्यांनी या भंगारवाल्याचा काटा जप्त केला होता आणि ती गोष्ट दोघांच्याही लक्षात होती. पण जवळपास दुसरा मोठा काटा नव्हता. एक बॅग तीन चाकांवर लंगडत, दुसरी सरळ, मधोमध साहेब, अशी ती वरात भर दुपारी रस्त्याने निघाली. केस कापणारा दारात येऊन उभा राहिला. औषधाच्या दुकानातून कुणीतरी हळूच म्हणालं, "भांडण झालेलं दिसतंय." साहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्यांनी चालण्याचा वेग वाढवला नाही. वाढवताही आला नसता.

दुकानात पत्रे लावत बसलेल्या कामगाराने बॅगांकडे निरखून पाहिलं. "काका, या देताय का? एकीचं चाक गेलंय, कमी मिळतील."

"देत नाही. तोलायच्यात," साहेब म्हणाले.

भंगारवाला आतून बाहेर आला आणि साहेबांना पाहून जागीच थांबला. मग त्याने हात जोडले. "या, साहेब. तपासणी?"

"नाही. मी आता निवृत्त आहे. मुलीकडे चाललोय, विमानाने. तिचं बाळंतपण आहे."

"बरं, बरं. तोलू की. पण आधी शिक्का बघून घ्या. मागल्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, काटा खोटा आहे. खोटाच होता. आता खरा आहे."

हे तो टोमणा म्हणून बोलला की मोकळेपणाने, हे साहेबांना कळेना. तरीही ते गुडघे टेकून खाली बसले आणि त्यांनी काट्याच्या बुडाशी असलेला शिक्का बोटाने पुसून वाचला. शिक्का ताजा होता. काटा खरा होता. त्यांच्या पायांखालची जमीन थोडी सरकली. एखाद्याला आपण बारा वर्षं खोटा समजत यावं आणि तो मधल्या काळात खरा होऊन बसलेला असावा, हे पचायला कुणालाही जडच जातं.

बाईंची बॅग तीन किलोंनी जास्त भरली. साहेबांनी तिथेच, पत्रे आणि रिकाम्या डब्यांच्या मधे बसून ती उघडली, टॉवेल काढले, दोरे काढले, आपल्या हाताने वहीत खुणा केल्या. खलबत्त्याला त्यांनी दोनदा हात लावला आणि दोनदा काढून घेतला. शेवटी बाईंची बॅग बावीस किलो नऊशे भरली आणि त्यांची स्वतःची बावीस किलो आठशे. भंगारवाल्याने पैसे घेतले नाहीत. साहेबांनी पावती मागितली. त्याच्या पावतीपुस्तकात लोखंड, पितळ, रद्दी आणि इतर एवढेच रकाने होते. त्याने विचार करून दोन्ही बॅगा वजनासकट 'इतर'मध्ये लिहिल्या.

"साहेब," तो निरोप देताना म्हणाला, "मुलीचं सगळं सुखरूप होऊ दे." साहेबांना यावर काहीतरी चांगलं बोलायचं होतं. ते म्हणाले, "शिक्क्याची मुदत पुढच्या वर्षी संपते. विसरू नका."

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. निवृत्तीनंतर साहेबांनी आपल्या नोकरीच्या आठवणींचं पुस्तक लिहून स्वखर्चाने छापलं होतं. पाचशे प्रती. त्यातल्या साडेचारशेहून जास्त पलंगाखाली होत्या. वाचनालयाने दोन ठेवून घेतल्या होत्या, त्यांपैकी एक बाकाचा पाय टेकवायला वापरलेली साहेबांनी स्वतः पाहिली होती. तेव्हापासून ते वाचनालयात जात नव्हते. आता त्यांच्या मनात आलं, त्या दूरच्या देशात आपली भाषा बोलणारी माणसं असतील, त्यांना वाचायला काही मिळत नसेल, ती या पुस्तकावर तुटून पडतील. जावयाच्या मित्रांसमोर मुलगी म्हणेल, हे माझ्या बाबांनी लिहिलंय. हे दृश्य त्यांनी इतक्या वेळा रंगवलं की ते खरंच वाटू लागलं.

एक प्रत अडीचशे ग्रॅमची. चोवीस प्रती म्हणजे बरोबर सहा किलो. निघण्याच्या आदल्या दिवशी बाई विमानकाकूंचा निरोप घ्यायला वर गेल्या, तेव्हा साहेबांनी आपल्या बॅगेतून जाड कोट, दोन स्वेटर, जाड पँटी आणि बूट काढले. त्यांचं वजनही बरोबर सहा किलो. ते गाठोडं त्यांनी कपाटाच्या मागे सरकवलं आणि त्या जागी पुस्तकं रचली. थंडीने माणूस फार तर आजारी पडतो, असा त्यांचा हिशेब होता. वहीत त्यांनी याची नोंद केली नाही. छत्तीस वर्षांत लपवलेली ही त्यांची पहिली नोंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावरच्या रांगेत साहेब उभे राहिले ते, परीक्षेचा पेपर आधीच सोडवून आलेल्या मुलासारखे. आजूबाजूला लोक बॅगा उघडून सामान इकडचं तिकडे करत होते. साहेब त्यांच्याकडे दयेने पाहत होते. बाईंची बॅग आधी पट्ट्यावर गेली. काउंटरवरची तरुणी आकड्याकडे पाहून म्हणाली, "काका, चोवीस सातशे होतंय."

"शक्य नाही."

"बघा ना."

साहेबांनी पाहिलं. मग त्यांनी खिशातून घडी केलेली पावती काढली आणि काउंटरवर पसरली. तरुणीने ती सरळ धरली आणि मोठ्याने वाचली, "भंगार खरेदी-विक्री. लोखंड नाही, पितळ नाही, रद्दी नाही. इतर, दोन नग." मागे कुणीतरी खोकलं.

"वाचण्याचा मुद्दा नाही," साहेब म्हणाले. "तो काटा शिक्क्याचा आहे. तुमच्या या काट्यावर शिक्का कुठाय? शेवटची तपासणी कधी झाली?" आणि ते पट्ट्याच्या बुडाशी वाकून पाहू लागले.

"काका, मागे रांग आहे."

"रांग असू दे. चुकीच्या काट्यावर एवढी माणसं पुढे सोडायची म्हणजे प्रत्येकाचं नुकसान. तुमच्या वरिष्ठांना बोलवा."

बाई हळूच म्हणाल्या, "मी बत्ता हातात घेते. पर्समध्ये मावेल."

"बत्ता हातातल्या सामानात चालणार नाही, काकू," तरुणी म्हणाली. "हत्यारात धरतात. खल चालेल."

"नुसता खल नेऊन तिने त्यात काय करायचं?" बाईंनी विचारलं. तरुणीने वरिष्ठांना फोन लावला.

वरिष्ठ आले. शांत, चष्मा लावलेले, टाय थोडा सैल केलेले गृहस्थ. साहेबांनी त्यांना मोजमापाच्या यंत्रांची पडताळणी, क्षम्य चुकीची मर्यादा आणि ग्राहकाचे हक्क या विषयांवर पाचेक मिनिटं सांगितलं. मागच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. वरिष्ठ सगळं ऐकत होते, पण त्यांची नजर दुसरीकडेच होती. बाईंचीही.

"अहो," बाई म्हणाल्या, "हात."

"काय?"

"तुमचा हात. बॅगेवर."

बॅग पट्ट्यावर ठेवल्यापासूनच साहेबांचा डावा हात आधारासाठी तिच्यावर टेकलेला होता, आणि नंतर बोलण्याच्या भरात ते त्या हातावर चांगले रेलले होते. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांचे अंगठे पारड्यावरून उचलायला लावले होते. त्यांनी हात काढला. आकडा भरभर खाली आला आणि बावीस नऊशेवर थांबला. काटा अचूक होता. भंगारवाल्याचाही अचूक होता. दोन अचूक काट्यांच्या मधे एकच गोष्ट चुकीची निघाली.

कुणी हसलं नाही, हेच वाईट झालं. वरिष्ठ फक्त म्हणाले, "होतं असं." साहेबांना तिथल्या तिथे लहान व्हावंसं वाटलं, शक्यतो सात किलोंच्या आत.

"आता तुमची ठेवा, काका," तरुणी मऊपणे म्हणाली.

साहेबांनी आपली बॅग ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. आकडा चढत गेला. बावीसवर तो थांबला नाही, चोवीसवर थांबला नाही. अठ्ठावीस आठशेवर त्याने विश्रांती घेतली.

काट्याबद्दल बोलण्याचा अधिकार साहेबांनी नुकताच गमावला होता. त्यांनी बॅग बाजूला घेतली, खाली बसले आणि चेन उघडली. सगळ्यात वर जाड कोट होता. त्याच्याखाली दोन स्वेटर, पँटी, बूट. कपाटामागचं गाठोडं जसंच्या तसं आत येऊन बसलं होतं.

"तुम्ही विसरला होतात," बाई त्यांच्या शेजारी उकिडव्या बसत म्हणाल्या. "सकाळी केर काढताना कपाटाच्या मागे दिसलं. म्हटलं, आठवण करून दिली तर उगाच चिडाल. हळूच वरच्यावर घालून टाकलं. तिकडच्या थंडीत काय घातलं असतंत?" आणि मग त्यांनी पँटी बाजूला केल्या. खाली तीन ओळींत चोवीस पुस्तकं होती, चोवीस मुखपृष्ठांवर साहेबांचे चोवीस फोटो.

बाईंनी पुस्तकांकडे पाहिलं. मग साहेबांकडे. त्यांना टॉवेल आठवले असणार, दोरे आठवले असणार, झबल्यांपुढचा शेराही आठवला असणार. त्या एवढंच म्हणाल्या, "थंडीत मेला असतात हो."

साहेब पुस्तकांच्या कडा उगाच सरळ करू लागले. रागावल्या असत्या तर त्यांना उत्तर देता आलं असतं.

"जास्तीचे पैसे भरायचे का?" तरुणीने विचारलं.

"नको," साहेब उठले. हिशेब त्यांच्या डोक्यात कधीच होऊन गेला होता. "कोट एक किलो नऊशे. स्वेटर सातशे, सातशे. हे अंगावर. राहिले साडेपंचवीस. त्यातून दहा पुस्तकं काढली की तेवीस."

त्यांनी स्वेटर घातला, त्यावर दुसरा घातला, त्यावर कोट. दुसऱ्या स्वेटरमध्ये डोकं अडकलं, ते बाईंनी ओढून बाहेर काढलं. मग दहा पुस्तकं हातात घेऊन ते उभे राहिले आणि त्यांना कळेना, आता यांचं काय करायचं. कचऱ्याची पेटी समोरच होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. दोन पावलं टाकलीही.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी वरची प्रत उचलली आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या, बाळ घेतलेल्या आईला दिली. "यांनी लिहिलंय. तुम्हाला खोळंबून ठेवलं ना आम्ही. प्रवासात वाचा."

त्या आईने मुखपृष्ठावरचा फोटो पाहिला, समोरचे फुगलेले साहेब पाहिले, आणि म्हणाली, "सही द्या ना."

चार वर्षांत ही पहिली सही होती. साहेबांनी बाळाचं नाव विचारलं, आईचं नाव विचारलं, शुभेच्छा लिहिल्या, तारीख घातली. मग दुसऱ्यालाही सही हवी झाली. रांग पुन्हा थांबली. तरुणी म्हणाली, "काका, सह्या जरा बाजूला उभं राहून करा," पण शेवटची प्रत तिने स्वतःसाठी मागून घेतली. एका गृहस्थाने मात्र पुस्तक घेतलं आणि त्याची हातातली बॅग तोलली तेव्हा ती सात किलो दोनशे भरली. तो संकोचाने परत आला. "माफ करा हं. तुमच्यामुळे वर गेली." साहेबांनी पुस्तक परत घेतलं. ते पुन्हा बॅगेत घालता येत नव्हतं, म्हणून बाईंनी ते आपल्या पर्समध्ये टाकलं.

विमान सुटलं तेव्हा लख्ख ऊन होतं. साहेब कोटात आणि दोन स्वेटरांत उकडत बसले होते, आणि कोट काढण्याइतकी जागा त्या खुर्चीत नव्हती. खिडकीशी बसलेल्या बाईंनी ढग बघितले. ढग लवकर संपेनात, तेव्हा त्यांनी पर्समधून पुस्तक काढलं. पुस्तक छापून आल्यापासून त्या ते पहिल्यांदाच वाचत होत्या. साहेब डोळे मिटून बसले, पण पान उलटल्याचा प्रत्येक आवाज ते मोजत होते.

बऱ्याच पानांनंतर आवाज थांबला.

"पान एकशे बारा," बाई म्हणाल्या, आणि हळू आवाजात वाचू लागल्या. "त्या दिवशी पहाटे मला कन्यारत्न झाले. तथापि त्याच दिवशी कोळशाच्या वखारीची तपासणी नियोजित असल्याने मी कर्तव्यावर हजर राहिलो. वखारीतील काटा दर पोत्यामागे एक किलो दोनशे ग्रॅम कमी देत असल्याचे आढळून आले."

साहेबांनी डोळे उघडले नाहीत. लिहिताना त्यांना या परिच्छेदाचा फार अभिमान वाटला होता.

"मी दिवसभर दाराकडे बघत होते," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. चौतीस वर्षांत तो झिजून गेला होता. "वखारीतलं वजन तेवढं लिहिलंत. तिचं नाही लिहिलंत."

"दोन किलो नऊशे," साहेब म्हणाले.

"दोन किलो आठशे पन्नास. नर्सने मला सांगितलं होतं. कागदावरही तेच आहे."

"कागदावर आहे. पण तो काटा पन्नास ग्रॅम कमी दाखवत होता."

बाईंनी पानात बोट घालून पुस्तक मिटलं. "तुम्हाला काय माहीत?"

"मी संध्याकाळी आलो होतो. तू झोपली होतीस. म्हटलं, उठवायला नको. पाळण्याच्या बाजूलाच तो काटा होता. शिक्का बघितला, तर मुदत संपलेली. जीपमध्ये माझी वजनांची पेटी होती, ती घेऊन आलो आणि काटा तपासला." त्यांनी कोटाचं वरचं बटण सोडलं. "नर्स म्हणाली, माझे हात ओले आहेत, बाळाला परत तोलायचं असेल तर तुम्हीच ठेवा. मग मी उचललं तिला. काट्यावर ठेवलं. रडली नाही. काटा दुरुस्त करून घेतला होता, त्यामुळे बरोबर भरली. दोन किलो नऊशे."

"आणि हे मला आज सांगताय."

"दुसऱ्या दिवशी दवाखान्याला नोटीस दिली होती. म्हटलं, तुला आवडणार नाही."

बाईंनी साहेबांच्या कोटाच्या आत, पहिल्या स्वेटरच्या आत, दुसऱ्या स्वेटरच्या आत हात घालून शर्टाच्या खिशातलं पेन शोधून काढलं. एकशे बाराव्या पानाच्या समासात, मुलींच्या वह्यांवर लिहायच्या तशा स्वच्छ, गोल अक्षरात त्यांनी लिहिलं, 'वजन दोन किलो नऊशे. तिच्या बाबांनी स्वतः उचलून केले.'

"हे तिला दाखवणार आहे मी," त्या म्हणाल्या आणि पुस्तक साहेबांच्या हातात दिलं.

साहेबांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. कोटामुळे असेल, त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"नऊशेच्या पुढे 'ग्रॅम' राहिलंय," ते म्हणाले.

बाईंनी पुस्तक परत घेतलं आणि तेवढं लिहून दिलं.